प्रवासांतील तवा : निवड व निगा

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींना हंसूं आलें असेल. तवा ही काय व्याख्यान देण्याजोगी वस्तु आहे, असें कोणीही विचारील. घरचा तवा वर्षानुवर्षें चुलीवर असतो, नाहींतर भिंतीला टेकलेला असतो. त्याच्याविषयीं विचार करण्याची पाळी आपणांवर सहसा येत नाहीं. परंतु घर सोडून चार दिवस, चार आठवडे किंवा चार महिने उघड्यावर राहावयाचें ठरलें, कीं हीच साधी वस्तु नाना प्रश्न उभे करूं लागते. घरचाच तवा सोबत न्यावा कीं नवा घ्यावा? लोखंडाचा घ्यावा, बिडाचा घ्यावा, कीं हलका म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा घ्यावा? तो तीन दगडांच्या चुलीवर चालेल काय? गॅसच्या शेगडीवर चालेल काय? आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ज्या हातांनीं त्याच्यावर भाकरी भाजावयाची, त्या हातांना तो पेलेल काय? या प्रश्नांचीं उत्तरें जमतील तितक्या सोप्या शब्दांत देण्याचा माझा विचार आहे.

आमचा निलंगा तालुका महाराष्ट्राच्या अगदीं कडेला आहे; पलीकडे कर्नाटकांतील बिदर जिल्हा लागतो. या भागांतलें मुख्य अन्न ज्वारीची भाकरी. इतर कोणी प्रवासांत पाव-बिस्किटांवर वेळ मारून नेईल. भाकरीच्या माणसाचें तसें नाहीं. त्याला भाकरी ताजी पाहिजे, गरम पाहिजे, आणि ताज्या भाकरीला तवा पाहिजे. म्हणून आमच्याकडून जो कोणी लांबच्या मुक्कामास निघतो, त्याच्या गाठोड्यांत आणखी कांहीं असो वा नसो, तवा असतोच.

असे प्रवासी मुख्यत्वेंकरून तीन प्रकारचे आहेत. पहिले वारकरी. आळंदीहून निघणारी श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी सुमारें २५० किलोमीटर चालून पंढरपुरास पोंचते. आमच्या मराठवाड्यांतून पैठणची श्रीएकनाथ महाराजांची पालखी जाते, आणि विदर्भांतील शेगांवची श्रीगजानन महाराजांची पालखी परभणी, परळी, अंबाजोगाई या वाटेनें पुढें जाते. या पालख्यांबरोबरच्या दिंड्यांचा स्वयंपाक रोज नव्या गांवीं, नव्या जागेंत व्हावयाचा. दुसरे ऊसतोडीचे मजूर. दिवाळीच्या मागेंपुढें बीड, लातूर, नांदेड, धाराशिव या जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें आपलें बिऱ्हाड गाडींत घालून साखर-कारखान्यांच्या मुलखांत जातात, आणि पुढचे पांच-सहा महिने उसाच्या फडाजवळ कोपी करून राहतात. तिसरे अलीकडचे हौशी प्रवासी. मोटारगाडींत तंबू, शेगडी व भांडीं घालून हे मुलांबाळांसह हिंडतात. कांहींच्या गाडींत निजण्याची व स्वयंपाकाचीही सोय असते. अशा फिरत्या घरांस कॅरॅव्हॅन म्हणतात, आणि त्यांच्या पर्यटनासाठीं महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं स्वतंत्र धोरणही आखलें.

या तिघांचा हेतु भिन्न, ऐपत भिन्न. परंतु तव्याचा प्रश्न तिघांनाही एकच आहे. थोड्या ओझ्यांत, उघड्या वाऱ्यावर, परक्या जागेंत सर्वांच्या पोटापुरतें भाजून कसें घ्यावें?

हा प्रश्न कांहीं आजचा नव्हे. १३२७ सालीं स्कॉटलंडच्या घोडेस्वारांनीं इंग्लंडच्या उत्तर भागावर स्वारी केली. त्या मोहिमेंत इंग्रजांच्या बाजूस असलेल्या झां ल बेल नांवाच्या बखरकारानें लिहून ठेविलें आहे, कीं हे स्वार भांडींकुंडीं बरोबर बाळगीत नसत. खोगिराशीं अडकविलेला एक सपाट तवा आणि मागें ओट धान्याच्या पिठाची थैली, एवढाच त्यांचा मुदपाकखाना. पीठ भिजवावें, तवा तापवावा, पातळ भाकरी भाजून घ्यावी आणि पुन्हां घोड्यावर बसावें. इंग्रजांच्या मोठ्या फौजेला हे स्वार आटोक्यांत आणतां आले नाहींत. यांत आपणांस घेण्यासारखा धडा एवढाच, कीं त्या लोकांनीं आपल्या पिठाला, आपल्या घोड्याला आणि आपल्या घाईला जुळेल असा तवा निवडला होता. दुसऱ्याच्या घरीं शोभणारी वस्तु आपल्या वाटेवर उपयोगी पडेलच, असें त्यांनीं धरून चालविलें नाहीं.

आतां प्रथम धातूचा विचार करूं. तव्याला दोन कामें करावयाचीं असतात. खालच्या जाळाची उष्णता सर्व पृष्ठावर सारखी पसरविणें, हें एक. आणि ती उष्णता अंगांत सांठवून ठेवणें, म्हणजे ओली व थंड भाकरी वर पडतांच एकदम गार न होणें, हें दुसरें. पहिलें काम धातूच्या जातीवर व जाडीवर अवलंबून आहे. दुसरें धातूच्या जातीबरोबरच मुख्यतः वजनावर.

उष्णता वाहून नेण्यांत अ‍ॅल्युमिनियम हें साध्या लोखंडाच्या तिपटीहून कमी नाहीं. स्टेनलेस पोलाद मात्र लोखंडाच्याही पुष्कळ मागें आहे. म्हणूनच स्टेनलेस पोलादाच्या पातळ तव्यावर जेथें जाळ लागतो तेथें भाकरी करपते, आणि चार बोटें पलीकडे ती कच्ची राहते. तें भांडें चकचकीत दिसतें, गंजत नाहीं, घांसण्यास सोपें, हें सर्व खरें. परंतु भाजणें हें त्याचें काम नव्हे.

वजनाचा हिशेब पाहूं. मी शाळेंत गणित शिकवीत असें. त्यामुळें आंकडे मांडल्यावांचून मला राहवत नाहीं. लोखंडाचा एक घनसेंटिमीटर तुकडा सुमारें ७.९ ग्रॅम भरतो, बिडाचा ७.२ ग्रॅम, आणि अ‍ॅल्युमिनियमचा २.७ ग्रॅम. आतां २५ सेंटिमीटर व्यासाचा व ३ मिलिमीटर जाडीचा सपाट गोल तवा घ्या. त्याचें घनफळ सुमारें १४७ घनसेंटिमीटर होतें. हा तवा लोखंडाचा असेल तर वजन सुमारें १ किलो १६० ग्रॅम. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर अवघें ४०० ग्रॅम. बिडाचा तवा इतका पातळ सहसा ओतीत नाहींत. तो ५ मिलिमीटर जाड धरला तर पावणेदोन किलोंच्या वर जातो, आणि त्यांत दांड्याचें वजन निराळें.

४०० ग्रॅमचा आंकडा ऐकून पाठीवर ओझें वाहणारा मनुष्य साहजिकच अ‍ॅल्युमिनियमकडे वळेल. परंतु थोडें थांबावें. ग्रॅमास ग्रॅम धरलें तर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट उष्णता सांठवितें. तथापि वजन एक-तृतीयांश असल्यामुळें, सारख्या आकाराच्या दोन तव्यांत अ‍ॅल्युमिनियमच्या तव्याजवळ लोखंडी तव्याच्या दोन-तृतीयांशच सांठा राहतो. शिवाय अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतें, आणि मऊ तर त्याच्या पुष्कळ आधींच पडतें. लांकडाच्या फुललेल्या निखाऱ्यांच्या गाभ्यांत याहून अधिक उष्णता असूं शकते. गॅसच्या मंद ज्योतीवर असा तवा गुणानें वागेल. चुलीवर रिकामा विसरला, तर तो वांकडा होऊन बसेल. म्हणून नियम असा समजावा : अ‍ॅल्युमिनियम गॅसला, लोखंड चुलीला. अ‍ॅल्युमिनियम घ्यावयाचेंच असेल तर जाड घ्यावें. पातळ पत्र्याचें घेऊं नये.

बिडाचा गुण त्याच्या जडपणांत आहे. एकदां तापला कीं तो लवकर निवत नाहीं. धिरडीं, थालीपिठें, आंबोळ्या यांना त्याच्यासारखा तवा नाहीं. परंतु बीड ठिसूळ असतें. गाडींतून दगडावर पडलें तर तें फुटतें, आणि तापलेल्या तव्यावर गार पाण्याचा शिपका मारला तर त्याला तडा जातो. ज्याचें सामान गाडी वाहणार आहे, त्यानें बिडाचा तवा अवश्य न्यावा. ज्याचें सामान डोक्यावर जाणार आहे, त्यानें त्याचा मोह धरूं नये.

न चिकटणाऱ्या लेपाचे काळे तवे हल्लीं घरोघरीं झाले आहेत. घरांत, मंद आंचेवर, ते सोयीचे आहेत. परंतु सुमारें २६० अंश सेल्सिअसच्या वर तो लेप बिघडूं लागतो, आणि त्याहून फार तापला तर त्यांतून अपायकारक धूर निघतो. चुलीवरचा रिकामा तवा ही मर्यादा केव्हां ओलांडील याचा नेम नाहीं. उघड्यावरच्या जाळाला हा तवा सोबती नव्हे. खानदेशांत पुरणाचे मांडे भाजण्यासाठीं मातीचें खापर वापरतात. तें आपल्या जागीं उत्तम. पण प्रवासांत तें पहिल्या मुक्कामासही पोंचावयाचें नाहीं.

धातु ठरला म्हणजे तवा ठरला, असें मात्र नाहीं. त्याच्यावर काय भाजावयाचें, हें पाहिलें पाहिजे. ज्वारीच्या पिठांत गव्हाच्या पिठासारखा चिकटपणा नसतो. म्हणून आपण तें ऊन पाण्यांत मळतों, हातानें थापतों, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवितों, उलटतों, आणि शेवटीं तवा बाजूस सारून भाकरी निखाऱ्यांजवळ उभी करतों. तेथें ती फुगते. म्हणजे भाकरी निम्मी तव्यावर भाजते आणि निम्मी विस्तवावर. यावरून असें निघतें, कीं भाकरीचा तवा झटकन उचलतां आला पाहिजे आणि त्याच्या खालचा विस्तव मोकळा झाला पाहिजे.

परदेशांत, विशेषतः अमेरिकेंत, फिरत्या घरांतून प्रवास करणारे लोक दारापुढें मांडण्यासाठीं एक लांबरुंद, चौकोनी लोखंडी पाटी वापरतात. तिच्या खालीं गॅसच्या दोन-तीन ज्योती असतात, कडेला तेल वाहून जाण्यास पन्हळ असते, आणि पाय दुमडून ती गाडींत ठेवतां येते. तशा पाट्या आतां आपल्याकडेही मिळतात. ही वस्तु वाईट नाहीं. धपाटे, थालीपिठें, धिरडीं, अंड्याची पोळी, भाजीचे काप, हें सर्व तीवर एका वेळीं चार-पांच जणांसाठीं होतें. परंतु ती सर्व ज्योत झांकून टाकते. भाकरी फुगविण्यास विस्तव उरत नाहीं. मग पाटीवरच फडक्यानें दाबून ती फुगवावी लागते, आणि ती चव व तो पापुद्रा येत नाहीं. म्हणून भाकरी खाणाऱ्या कुटुंबानें अशी पाटी घेतली, तरी सोबत एक लहान गोल तवा आणि एक सुटी ज्योत ठेवावीच. पोळी-धपाटेवाल्यांस एकट्या पाटीवर भागेल.

यापुढचा प्रश्न विस्तवाचा. आमच्या भागांत तूर पुष्कळ पिकते, त्यामुळें तुराट्यांचें सरपण विपुल. तुराटी भडकन पेटते आणि भडकन विझते. अशा चढउताराच्या जाळावर पातळ तवा म्हणजे आधीं करपणें आणि मग कच्चें राहणें. जाड तवा हा चढउतार आपल्या अंगांत जिरवितो. बाभळीचें लांकूड किंवा गोवरी यांची आंच संथ असते. तेथें मध्यम जाडीचा तवाही पुरतो. सरपण वाटेंत जें मिळेल तें घ्यावयाचें असेल, तर तवा जाडच हवा.

वारा हा उघड्यावरच्या स्वयंपाकाचा मोठा वैरी. तो ज्योत एका अंगाला ढकलतो आणि तव्याची दुसरी कड गार पाडतो. तीन दगड मांडतांना ते सारख्या उंचीचे निवडावे, जमीन थोडी खोदून विस्तव खोलगट जागेंत ठेवावा, आणि चुलीचें तोंड सुसाट वाऱ्याच्या सरळ समोर येऊं देऊं नये. गॅसच्या शेगडीला पत्र्याचा आडोसा करावा. मात्र तो आडोसा ज्योतीपुरताच असावा. शेगडी आणि गॅसची टाकी या दोघांना मिळून पत्र्यानें वेढणें अत्यंत धोक्याचें आहे, कारण कोंडलेली उष्णता टाकीला तापविते. लहान शेगडीच्या पोटांतच गॅसचा डबा बसविलेला असतो, अशा शेगडीवर तिच्या बाहेर दूरवर पसरणारी मोठी पाटी ठेवण्यांतही हाच धोका आहे. तवा ज्योतीला शोभेल एवढाच असावा.

गॅसविषयीं आणखी दोन शब्द बोलल्यावांचून पुढें जाववत नाहीं. हा वायु हवेहून जड असतो. गळला तर वर उडून न जातां खालीं सांचतो. त्याला स्वतःचा वास नाहीं. आपणांस कळावें म्हणून त्यांत वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळलेला असतो. म्हणून वास येतांच कांडी ओढण्यापूर्वीं गाडीचीं दारें उघडावीं. बंद गाडींत किंवा बंद तंबूंत शेगडी अथवा कोळसा पेटवून निजूं नये. कोंडलेल्या जागेंत जळतांना कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु तयार होतो, आणि त्याला ना रंग, ना वास. आगगाडींत तर गॅसची टाकी नेण्यास कायद्यानेंच मनाई आहे. २६ ऑगस्ट २०२३ रोजीं मदुराई येथें उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्यांत, चोरून नेलेल्या टाकीमुळें आग लागली आणि नऊ माणसें मृत्युमुखीं पडलीं. घोटभर चहाच्या सोयीसाठीं एवढें मोल कोणीही देऊं नये.

खरें पाहतां आगगाडीच्या प्रवासाला तवा लागतच नाहीं. आमच्या लातूर-धाराशिव भागांत मार्गशीर्षाच्या अमावास्येला वेळ अमावास्या साजरी होते. सर्व गांव शेतांत जातें, कडब्याच्या कोपीपाशीं पूजा होते, आणि भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे असें जेवण झाडाखालीं बसून होतें. तें सर्व घरीं रांधून डोक्यावरून नेलेलें असतें. घरीं भाजलेले धपाटे दोन दिवस सहज टिकतात. प्रवास दोन दिवसांचाच असेल तर तवा घरीं ठेवून धपाटे न्यावेत, हा माझा सल्ला आहे. आणि तवा नसतांही भाजण्याची युक्ति आपल्या पूर्वजांना ठाऊक होती. गोवऱ्यांच्या विस्तवांत भाजलेले रोडगे ज्यांनीं खाल्ले आहेत, त्यांना हें सांगावयास नको.

आतां ज्या मुद्द्यासाठीं मी मुख्यतः हें भाषण करण्याचें पतकरलें, त्याकडे येतों. तो मुद्दा भाजणारीच्या वेळेचा आहे.

ऊसतोडींत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. दोघेंही फडांत राबतात. परंतु फडावर जाण्यापूर्वींचा स्वयंपाक तिच्या एकटीच्या वांट्याला येतो. समजा, घरांत पांच माणसें आहेत आणि सकाळच्या व दुपारच्या मिळून १५ भाकऱ्या पहाटेंच भाजून घ्यावयाच्या आहेत. चांगल्या जाड तव्यावर एका भाकरीस तीन मिनिटें धरलीं, तर १५ भाकऱ्यांस ४५ मिनिटें लागतात. तवा पातळ व वांकडा असेल, वारा असेल, तर एका भाकरीस पांच मिनिटें. म्हणजे ७५ मिनिटें. फरक अर्ध्या तासाचा. हा अर्धा तास ती बाई कोठून आणते? आपल्या झोंपेंतून. हंगाम १५० दिवसांचा धरला, तर एका वाईट तव्यानें तिच्या झोंपेचे ७५ तास खाल्ले. आणि तो तवा घेतांना दुकानांत कोण उभें होतें? बहुधा तिचा नवरा, आणि त्यानें पाहिली असेल ती किंमत.

दिंडीचेंही असेंच आहे. बारा माणसांना तीन-तीन भाकऱ्या म्हटल्या तरी ३६ झाल्या. एका तव्यावर त्यांना पावणेदोन तासांहून अधिक वेळ लागतो. दिवसभर चालून आलेल्या बायका चुलीपुढें बसतात, आणि सर्वांचें जेवण उरकेपर्यंत त्यांची स्वतःची भाकरी गार झालेली असते. येथें एक फार मोठा तवा घेण्यापेक्षां दोन मध्यम तवे घ्यावेत. मोठ्या तव्यावर एका वेळीं एकच भाकरी नीट भाजते. कडा जाळाच्या बाहेर राहतात. दोन तव्यांवर दोघीजणी बसल्या तर काम निम्म्या वेळांत आटोपतें, आणि एक तवा हरवला किंवा बिघडला तरी दिंडी उपाशी राहत नाहीं. थापणें हें कसबाचें काम असलें, तरी भाजणें व उलटणें पुरुषांनाही सहज येण्यासारखें आहे, एवढें येथें नमूद करून ठेवतों.

खरेदीच्या वेळीं काय पाहावें, हें आतां थोडक्यांत सांगतों. तवा सपाट फरशीवर पालथा ठेवावा; तो डुलत असेल तर त्याची कड सरळ नाहीं. बिडाचा असेल तर बोटानें वाजवून पाहावा. खणखणीत नाद आला तर बरा, बद्द आला तर आंत तडा असण्याचा संभव. दांडा लांकडाचा किंवा प्लॅस्टिकचा असेल तर तो चुलीसाठीं घेऊं नये, कारण तो जळतो. फार लांब दांडा गाठोड्यांत मावत नाहीं. दोन लहान कान असलेला, किंवा बिनदांड्याचा तवा आणि वेगळी सांडशी, ही जोडी प्रवासाला सर्वांत सोयीची. लोखंडी तव्याची जाडी ३ मिलिमीटरच्या जवळपास असावी. मध्यभागीं थोडा खोलगट असेल तर चुलीवर चांगला. गॅसच्या पाटीसाठीं मात्र सपाटच पाहिजे. आठवडी बाजारांत घिसाडी व लोहार घडवितात ते तवे पुष्कळदां कारखान्यांतील पातळ पत्र्याच्या तव्याहून जाड व टिकाऊ असतात. त्यांच्याकडे हवा तेवढा व हव्या जाडीचा तवा सांगून करून घेतां येतो. आणि शेवटीं, जी त्याच्यावर भाजणार तिला तो एका हातांत उचलून पाहूं द्यावा. तिच्या मनगटाला तो जड वाटला, तर दुकानदाराचे सर्व युक्तिवाद फोल होत.

तवा घरीं आणल्यावर लगेच बाहेर नेऊं नये. नव्या लोखंडावर गंज न चढावा म्हणून तेल किंवा मेण लावलेलें असतें. तें राखेनें व ऊन पाण्यानें घांसून काढावें, तवा तापवून कोरडा करावा, आणि तेलाचा अगदीं पातळ हात फिरवून धूर येईपर्यंत तापवावा. हें तीन-चार वेळां केलें म्हणजे तेल आटून त्याचा एक कठीण काळा थर लोखंडावर बसतो. तो थर गंज अडवितो आणि पदार्थ चिकटूं देत नाहीं. तेल जास्त घातलें तर थर चिकट राहतो. तेव्हां पुसून काढल्यासारखाच हात असावा. प्रवासांत हा थर घांसून घालवूं नये. वापर झाला कीं फडक्यानें पुसावा, धुवावाच लागला तर पुन्हां विस्तवावर धरून कोरडा करावा, आणि कापडी पिशवींत गुंडाळून ठेवावा. पावसाळी वारींत तर ही काळजी फार घ्यावी. रात्रभर ओला राहिलेला तवा सकाळीं तांबूस झालेला दिसतो. तसें झालें तरी घाबरण्याचें कारण नाहीं. वीट किंवा राख घेऊन घांसावा आणि तेलाचा हात पुन्हां द्यावा. लोखंड क्षमाशील आहे.

त्या क्षमाशीलतेचा एक अनुभव सांगतों. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटें किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला आणि दगडमातीच्या घरांखालीं हजारों माणसें गेलीं. वाचलेलीं कुटुंबें महिनोन्‌महिने पत्र्याच्या निवाऱ्यांतून राहिलीं. त्या दिवसांत आम्ही कांहीं शिक्षक मदतीचें सामान वांटण्यास जात असूं. देशाच्या कानाकोपऱ्यांतून धान्य आलें, पीठ आलें, कपडे आले. परंतु पीठ हातीं पडल्यावर बायका हलक्या आवाजांत विचारीत, "गुरुजी, तवा आहे का हो?" तयार अन्नाचीं पाकिटें त्यांना मिळत होतीं, पण आपल्या लेकरांना आपल्या हातची भाकरी घालावी, हें त्यांच्या मनांत होतें. कित्येकींनीं ढिगारा उपसून आपला जुना लोखंडी तवा काढला. तो वांकला होता. दगडावर ठोकून त्यांनीं तो सरळ केला, आणि तीन विटांवर ठेवला. त्यानंतर ज्या निवाऱ्यापुढें धूर दिसे, तेथें आम्हांस थोडें समाधान वाटे.

तात्पर्य, श्रोतेहो, मी जें सांगितलें तें असें. चुलीसाठीं ३ मिलिमीटरचा लोखंडी तवा घ्यावा; गाडी असेल तर बिडाचा चालेल; गॅसवर व पाठीवरच्या प्रवासास जाड अ‍ॅल्युमिनियमचा चालेल. माणसें आठांहून अधिक असलीं तर तवे दोन न्यावेत. आडोसा ज्योतीला करावा, टाकीला नको. आणि शेगडी बंद जागेंत पेटवूं नये. निवड मात्र भाजणारीच्या हातावर सोपवावी, कारण दुकानांतला अर्धा तास वांचविण्यापायीं तिची रोजची पहाट खर्ची पडते. येत्या हंगामास किंवा वारीस निघण्यापूर्वीं आपला तवा एकदां फरशीवर पालथा ठेवून पाहा. डुलला, तर निघण्याआधीं लोहाराकडे जाऊन या.